फुगडी आणि पोटरीची सूज

गणेश चवथीनंतरच्या आठवड्यात गोव्यातील फोंड्यातल्या माझ्या दवाखान्यात पोट बिघडलेले आणि पाय धरलेले रुग्णच अधिक असतात. त्यामुळे मराठी शाळेत शिकवणाऱ्या 52 वर्षांच्या एक बाई डावा पाय ओढत आत आल्या आणि "डॉक्टर, फुगडी अंगाशी आली," असे म्हणाल्या, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर हसले आणि मनातल्या मनात निदान करून मोकळी झाले.

पोटरी तीन दिवसांपासून दुखत होती आणि त्यांचे यजमान रोज रात्री कोमट खोबरेल तेलाने ती चोळून देत होते. त्या खाटेवर आडव्या झाल्या, तेव्हा डाव्या चपलेचा पट्टा दोन भोके सैल केलेला दिसला. नडगीवर अंगठा दाबून उचलला, तर खळगा तसाच राहिला. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंटीमीटर खाली टेप लावली. उजवी पोटरी 35 सेंटीमीटर भरली आणि डावी 38.5.

पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता जोखण्यासाठी आम्ही वेल्स गुणांकन वापरतो. पोटऱ्यांत 3 सेंटीमीटरपेक्षा अधिक फरक, दाबल्यावर राहणारा खळगा आणि शिरेच्या मार्गावरचे दुखणे, असे तीन गुण झाले. मात्र दुखण्याचे तितकेच संभाव्य दुसरे कारण असल्यास त्यातून दोन गुण वजा करायचे असतात, आणि फुगडीने दुखावलेला स्नायू हे कारण तर बाईंनी आल्याआल्याच माझ्या हाती दिले होते. उरला एक गुण, म्हणजे गुठळीची शक्यता कमी. औषधे कोणती चालू आहेत, हे मी रीतीप्रमाणे विचारले होते आणि "काही नाही" हे उत्तर लिहूनही घेतले होते.

परिचारिकेने पंखा वाढवला, तेव्हा बाई म्हणाल्या, "राहू दे गं, आता मला तो त्रास नाही." कोणता त्रास, असे मी सहज विचारले. पाळी गेल्यापासून अंगातून गरम वाफा निघत, रात्री घामाने चादर भिजे; मृगाच्या पावसात एका डॉक्टरांकडून हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या आणि सारे थांबले. मग औषध नाही असे का सांगितले? त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "ते कसले औषध, डॉक्टर? शरीरातलेच कमी झालेले ते भरून काढायचे, एवढेच." त्यांचे चुकले असे मला म्हणवत नाही, प्रश्नच मी अपुरा विचारला होता.

अशा गोळ्यांतले, तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन आतड्यातून आधी यकृतात जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक अधिक तयार होऊ लागतात. त्वचेवरची पट्टी किंवा जेल ही वाट बरीचशी टाळते. गुठळीचा धोका पहिल्या वर्षात सर्वाधिक असतो आणि बाईंचे तर तीनच महिने झाले होते. अमेरिकेतील विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासात 2002 साली इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन हे दुसरे हार्मोन एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत गुठळ्यांचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले, तरी फुप्फुसातील गुठळ्यांचा हिशेब वर्षाला 10,000 स्त्रियांमागे 8 जादा एवढाच होता. म्हणून या गोळ्यांचा बागुलबुवा करणे मला पटत नाही. पण पायाच्या वेल्स गुणांकनात हार्मोनला रकानाच नाही, आणि फुगडीचे दोन गुण वजा करण्याचा धीर आता मला होईना.

पायातली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून जिना चढताना धाप लागते का, हे मी तेव्हा कुठे विचारले. कालच शाळेचा एकच जिना चढताना त्यांना मध्ये थांबावे लागले होते. नाडी 108 होती, रक्तातील ऑक्सिजन 93 टक्के, रक्तदाब मात्र ठीक. यजमानांना मी म्हणाले, "आता पाय चोळायचा नाही हं," तर ते स्वतःच्या तळहातांकडे पाहतच राहिले. रक्तस्राव, अल्सर किंवा अलीकडची शस्त्रक्रिया नाही याची खात्री करून, खालच्या फार्मसीतून आणवलेले एनोक्सापॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध 62 किलो वजनाच्या हिशेबाने 60 मिलिग्रॅम पोटाच्या त्वचेखाली टोचले आणि 108 ची रुग्णवाहिका बोलावून त्यांना बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात पाठवले.

संध्याकाळी मी तिथे गेले, तेव्हा सोनोग्राफी चालू होती. डॉक्टरांनी गुडघ्यामागे प्रोब दाबला. एरवी एवढ्या दाबाने शीर मिटते आणि धमनी तेवढी धडधडत राहते, इथे शीर धमनीशेजारी तशीच टम्म उभी होती. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या दोन शाखांत लहान गुठळ्या निघाल्या. हृदयावर ताण नव्हता, त्यामुळे गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची गरज पडली नाही. पुढे ॲपिक्साबॅन सुरू झाले, पहिले 7 दिवस 10 मिलिग्रॅम दोन वेळा आणि मग 5 मिलिग्रॅम दोन वेळा, किमान 3 महिने. हे औषध गुठळी वाढू देत नाही, विरघळवण्याचे काम शरीरच करते, हे बाईंना मला दोनदा सांगावे लागले. हार्मोनच्या गोळ्या बंद केल्या. वाफा परत आल्या तर काय, ही त्यांची पहिली काळजी होती. त्यावर हार्मोनविरहित औषधे आहेत, असे सांगितल्यावर त्या निजल्या.

तीन महिन्यांनी दोघेही तपासणीला आले. पोटऱ्यांतला फरक 1 सेंटीमीटरवर आला होता. यजमानांनी प्लास्टिकची पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली: ॲपिक्साबॅन, कॅल्शियम, डोळ्यांचे थेंब, कुणीतरी दिलेले चूर्ण आणि हार्मोनच्या गोळ्यांचे अर्धे राहिलेले पाकीट. "औषधे नसलेलीसुद्धा आणली आहेत, डॉक्टर," ते म्हणाले.