दसऱ्याच्या आत पिशवी काढायची होती

सप्टेंबरचा पहिला आठवडा. बीड जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयाची ओपीडी. एकतीस वर्षांची बाई नवऱ्याबरोबर आली आणि बसण्याआधीच म्हणाली, "मॅडम, पिशवी काढून टाका. दसऱ्याच्या आत." दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडायचं, आगाऊ पैशांची उचल घेऊन झालेली. फडात दर महिन्याला तीन-चार दिवस झोपून राहिलं तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. एका खाजगी दवाखान्यात तिला सांगितलं होतं की पिशवी, म्हणजे गर्भाशय, सुजली आहे, तिच्या तोंडाला जखम आहे, पुढेमागे कॅन्सर होईल. ऑपरेशनचे पैसेही तिने व्याजाने काढून ठेवले होते.

या भागात ही मागणी नवी नाही. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांची पाहणी केली, त्यात 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यानंतर अशा ऑपरेशनांवर बंधनं आली. तरी बाईच्या मनातला हिशेब तोच राहिला आहे: पिशवी गेली की कटकट गेली.

आधी प्रश्न विचारले. "अंगावरून फार जातं" यावर थांबून चालत नाही, मोजावं लागतं. आठ दिवस पाळी, पहिले तीन दिवस दर दीड-दोन तासाला कपड्याची घडी बदलायची, रात्री दोनदा उठायचं, बोराएवढ्या गाठी पडतात. साधारण पाळीत सगळे दिवस मिळून 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं. 80 च्या वर गेलं तर ती अतिस्रावाची पाळी. 80 मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे 35 मिलिग्रॅम लोह जातं, आणि जेवणातून शरीर दिवसाला जेमतेम एक-दीड मिलिग्रॅम शोषतं. हिचा स्राव त्याच्या पुष्कळ पुढे. हिमोग्लोबिन आलं 7.4.

पाळी महिन्याच्या महिन्याला येते, मधल्या दिवसांत डाग नाही, संबंधानंतर रक्त नाही. त्रास तीन वर्षांचा, वयात आल्यापासूनचा नाही. दात काढताना किंवा बाळंतपणात रक्त थांबायला वेळ लागला नव्हता. हे विचारायचंच असतं, कारण पहिल्या पाळीपासून अतिस्राव असलेल्या मुलींमध्ये कधी कधी रक्त गोठण्याचाच दोष निघतो. बाईच्या मते सगळं नसबंदीपासून सुरू झालं. नसबंदीत फक्त नळ्या बंद होतात, पिशवीचं अस्तर आणि अंडाशयं जशीच्या तशी राहतात, असं पाटीवर चित्र काढून दाखवलं.

तिच्याजवळच्या सोनोग्राफीच्या कागदावर 'बल्की युटेरस' लिहिलं होतं. तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच. पण हिला पहिल्या दिवशी ओटीपोट पिळवटून निघतं आणि पिशवीची भिंतही जाड दिसत होती, म्हणजे अस्तर भिंतीत शिरल्याची शक्यता धरायला हवी होती. गाठ नव्हती, अंडाशयं नीट होती. थायरॉइड ठीक निघालं. लघवीची गरोदरपणाची तपासणी नसबंदी झालेल्या बाईचीही करतोच. वय चाळिशीच्या पुढे असतं किंवा मधल्या दिवसांत रक्त जात असतं, तर अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय हार्मोन दिलं नसतं.

मी माला-एनचं पाकीट पुढे ठेवलं. ती एकदम मागे सरकली. "ही तर पोरं नको असणाऱ्यांची गोळी. माझं आपरेशन झालंय की."

त्या दिवसाचं खरं काम इथून सुरू झालं. पाकिटात 21 पांढऱ्या गोळ्या असतात, प्रत्येकीत 0.15 मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि 0.03 मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्रॅडिओल ही हार्मोनं; दुसरं इस्ट्रोजेन. मूल राहू न देणं हे या गोळीचं एक काम. दुसरं काम अस्तर पातळ ठेवण्याचं. अस्तर जाड वाढलंच नाही, तर गळायला कमी उरतं. गळणाऱ्या अस्तरातूनच प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन सुटतं, ते पिशवीला आवळायला लावतं आणि कळा येतात. अस्तर पातळ झालं की कळाही उतरतात. मी तिला म्हटलं, "शेतात पीकच कमी आलं, तर काढणीला किती दिवस लागतील?" तेव्हा तिने पाकीट हातात घेतलं.

गोळी देण्याआधी रक्तदाब: 118/76. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येणं, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, काविळीचा चालू आजार, स्तनात गाठ, अंगावर पिणारं लहान बाळ, यातलं काही नाही. बिडी ओढत नाही. मिश्री लावते, तीही सोडायला सांगितलं. क्षयाची औषधं चालू नाहीत ना, हेही विचारलं, कारण त्यातल्या रिफॅम्पिसिनमुळे गोळीचा असर कमी होतो.

इतर पर्यायही तिच्यापुढे मांडले. अतिस्रावावर सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे 52 मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची, पिशवीत बसवायची हार्मोनची कॉपरटीसारखी वस्तू. पण बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने अवेळी डाग पडत राहतात. ते नेमके फडातले महिने, जिथे आडोसा नाही आणि पाणी नाही. शिवाय ती आमच्याकडे शिल्लक नव्हती आणि बाहेर हजारोंत मिळते. अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनचाही सुरुवातीला तोच त्रास. छाया ही हार्मोन नसलेली गोळी आहे, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची. इस्ट्रोजेन चालत नसतं तर तिचा विचार केला असता. ट्रानेक्झॅमिकच्या गोळ्या स्राव कमी करतात, पण माला-एनबरोबर दिल्या तर गुठळीचा धोका वाढतो. दोन्ही एकत्र लिहिलेल्या चिठ्ठ्या दिसतात. तसं करू नये.

पाळीचा तिसरा दिवस होता, म्हणून गोळी त्याच रात्री सुरू केली. कळांसाठी मेफेनॅमिक ॲसिड 500 मिलिग्रॅम, जेवणानंतर दिवसातून तीनदा, दोन-तीन दिवस. पाकिटातल्या शेवटच्या 7 रंगीत गोळ्या लोहाच्या असतात, पण एकीत लोह जेमतेम 20 मिलिग्रॅम. तेवढ्याने 7.4 भरून येत नाही. वजन 43 किलो, हिमोग्लोबिन 13 पर्यंत न्यायचं, म्हणजे तूट 5.6: 43 गुणिले 5.6 गुणिले 2.4 (ठरलेला गुणक), अधिक साठ्यासाठी 500, म्हणजे जवळपास 1,080 मिलिग्रॅम. एका दिवसाआड 200 मिलिग्रॅम आयर्न सुक्रोज सलाइनमधून, अशा पाच खेपा ठरवल्या. रक्त चढवलं नाही. बसल्या जागी धाप नव्हती, नाडी ठीक होती.

औषधाच्या खिडकीवर सिस्टरने वेगळाच प्रश्न काढला: नोंदवहीत नसबंदी झालेल्या बाईला पाकीट कोणत्या रकान्यात दाखवायचं? प्रश्न वाजवी होता. ओपीडीच्या कागदावर 'अतिस्रावासाठी उपचार' असं लिहून दिलं. एवढ्याशा अडचणीपायी बाई रिकाम्या हाताने परत जाऊ शकते.

लोहाच्या शेवटच्या खेपेला रक्त थांबलेलं होतं. तेव्हा ॲसेटिक ॲसिड लावून, एक मिनिट थांबून पिशवीचं तोंड पाहिलं. संशयास्पद पेशी असत्या तर उमटला असता, तो पांढरा चट्टा उमटला नाही. ज्याला जखम म्हटलं होतं, ती आतल्या नाजूक अस्तराची बाहेर आलेली लालसर कड होती. पुष्कळ निरोगी बायकांत ती दिसते. तिला आरसा धरून दाखवलं.

पहिलं पाकीट नेहमीच्या पद्धतीने संपवायला लावलं, म्हणजे मळमळ, डोकेदुखी किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर फडावर जाण्याआधीच कळावं. दोन दिवस मळमळलं. गोळी रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला सुरुवात केली आणि थांबलं. पाळी चार दिवस आली, दिवसाला चार घड्या. रक्तदाब तसाच.

मग हंगामाचा हिशेब. रंगीत गोळ्या बाजूला ठेवून तीन पाकिटांतल्या 63 पांढऱ्या सलग, मग 7 दिवस बंद. त्या बंद दिवसांत पाळी येते. पुन्हा 63, पुन्हा 7 बंद, मग 42. एकूण 182 दिवस, आठ पाकिटं. सहा महिन्यांत मधे दोनच पाळ्या. तिला वाचता येत नाही, म्हणून पाकिटांवर पेनाने एक ते आठ रेघा मारल्या आणि तिसऱ्या व सहाव्याला सुतळी बांधली: इथे सात दिवस थांबायचं. गोळी राहिली तर आठवेल तेव्हा घ्यायची आणि पुढची ठरल्या वेळी. एका पोटरीला सूज व दुखणं, छातीत कळ, धाप, अचानक असह्य डोकेदुखी किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यातलं काही झालं तर गोळी बंद करून जवळचा दवाखाना गाठायचा. हे नवऱ्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

एप्रिलमध्ये ती परतली. हिमोग्लोबिन 11.2. हातातल्या थैलीतून आठही पाकिटं काढून टेबलावर मांडली. पाचव्यात चार पांढऱ्या गोळ्या तशाच होत्या. टोळी एका कारखान्यावरून दुसऱ्याकडे हलली तेव्हा सामान ट्रॅक्टरमध्ये खाली दबलं होतं. "चौथ्या दिवशी अंगावर आलं. तवाच कळलं, गोळी राहिली म्हणून आलं. घाबरले नाही. सामान काढलं, पुन्हा सुरू केली."

आता गावातच राहायचे सहा महिने होते, डाग पडले तरी घरचा आडोसा होता. हार्मोनची वस्तू बसवायला हीच वेळ योग्य होती. ती आहे का हे विचारायला जिल्हा रुग्णालयात फोन लावला, आणि तोवरसाठी दोन पाकिटं दिली.