मला काहीच झालेलं नव्हतं, तरी फ्लूची लस हवी होती

सुई टोचायला चार सेकंदसुद्धा लागली नाहीत. त्याआधीचे पावणेतीन तास एका रकान्याने खाल्ले, आणि वर्ष उलटून गेलं तरी तो रकाना माझ्या डोक्यातून जात नाही.

आधी माझ्याबद्दल. वय ४१. रक्तदाब, साखर, दमा यांपैकी काही नाही, एकही गोळी चालू नाही. पण त्याआधीच्या मोसमात मला फ्लू झाला होता. दोन शिंका आल्या की आपण जो 'फ्लू' म्हणतो तो नव्हे, खराखुरा. सकाळी अकराला ठणठणीत होते, दुपारी तीनला जिन्यात कठडा धरून उभी. १०३ ताप, नुसते डोळे फिरवले तरी दुखायचे. पाच दिवस अंथरुणात गेले आणि खोकला पुढे तीन आठवडे पुरला. अंथरुणातच ठरवलं होतं, पुढचा मोसम यायच्या आत लस.

रुग्णालयात फोन केला, वेळ मिळाली, वेळेवर पोचले. काउंटरवरच्या ताईंनी फॉर्म दिला. आज ताप आहे का, पूर्वी एखाद्या लशीचा त्रास झाला होता का, अंड्याची अ‍ॅलर्जी आहे का. ठीक आहे. बहुतेक फ्लू लशींसाठीचे विषाणू कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात, म्हणून तो शेवटचा प्रश्न.

आणि मग खाली: 'लस घेण्याचे कारण. एकावर खूण करा.' वय ६५ किंवा अधिक. गरोदर. हृदयविकार, मधुमेह, दमा, मूत्रपिंडाचा आजार. प्रतिकारशक्ती कमी. आरोग्य कर्मचारी. संपलं. 'इतर' नाही.

मी रकाना कोरा ठेवून कागद परत दिला.

"हे राहिलंय."

"यातलं मला काही लागू होत नाही."

"मग लस कशाला?"

"फ्लू होऊ नये म्हणून."

ताईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे तुम्हाला काहीच नाही?" हे त्यांनी इतक्या हळव्या आवाजात विचारलं की क्षणभर मलाच ओशाळल्यासारखं झालं. खूण नसेल तर कॉम्प्युटर पुढे सरकत नव्हता. दोनदा प्रयत्न करून झाल्यावर त्या पुढे झुकून म्हणाल्या, "दमा टाकू का? कोण बघतंय?"

मनात भलं होतं त्यांच्या, पण मी नको म्हटलं. तुमच्यावरही अशी वेळ आली तर नकोच म्हणा. आज सोय म्हणून टाकलेला दमा तुमच्या नोंदीत कायमचा मुक्काम करतो. उद्या एखादा नवा डॉक्टर त्यावरून औषध बदलेल, नाहीतर विम्याचा माणूस विचारेल की हे आधी का नाही सांगितलंत.

"मग डॉक्टरांनाच विचारावं लागेल. त्या राउंडवर आहेत. बसा."

बसले. समोरच्या भिंतीवर पोस्टर होतं, 'फ्लूपासून बचाव करा, दरवर्षी लस घ्या', आणि त्यावर दंडाला चिकटपट्टी लावून हसणारं तिशीतलं जोडपं. दोघांच्या चेहऱ्यावर नुसतं आरोग्य ओसंडत होतं. यांनी कुठल्या चौकटीत खूण केली असेल, याचा मी पाऊण तास विचार केला. शेजारी एक आजोबा आले, तीन चौकटींत तीन खुणा करून दहा मिनिटांत लस घेऊन गेलेही. जाताना म्हणाले, "काही ना काही असावं लागतं माणसाला." मोबाइलची बॅटरी ११ टक्क्यांवर आली. चार्जर न्या. पुस्तक न्या. आणि सैल अर्ध्या बाह्यांचं काहीतरी घाला. मी पूर्ण बाह्यांचा घट्ट कुर्ता घालून गेले होते, त्याची फजिती पुढे पडद्याआड झालीच.

डॉक्टर आल्या तेव्हा माझा पारा चढलेला होता. "निरोगी माणसाने लस घ्यायची नाही असा नियम आहे का?" असं मी जरा चढ्या सुरातच विचारलं. त्या शांतपणे खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, नियम नाही, मतभेद आहेत. अमेरिकेत २०१० पासून निरोगी प्रौढांनीही दरवर्षी घ्यावी असा सल्ला आहे. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेची मोफत लस ज्येष्ठ, गरोदर, जुनाट आजार असलेले अशा ठरावीक गटांना मिळते, तुमच्यासारख्यांना नाही. शास्त्र दोन्हीकडे तेच, फक्त लस आधी कोणापर्यंत पोचवायची याचा हिशेब वेगळा.

मग त्यांनी मला हवं होतं ते उत्तर दिलं, म्हणजे आकडा. कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे निकाल एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात निरोगी प्रौढांवरच्या ५२ चाचण्या एकत्र केल्या आहेत, ८० हजारांहून अधिक माणसं. लस न घेतलेल्यांत एका मोसमात शंभरात साधारण २.३ जणांना तपासणीत सिद्ध झालेला फ्लू झाला, घेतलेल्यांत ०.९ जणांना. म्हणजे ७१ जणांना टोचल्यावर एकाचा फ्लू टळतो. "तुम्ही त्या ७१ मधल्या एक असाल की बाकीच्या ७०, हे मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पाच दिवसांचं अंथरूण टाळण्यासाठी एक टोचणं परवडतं का, ते तुम्ही ठरवा."

मला परवडत होतं. कोणी 'घ्याच' म्हणून मागे लागलं असतं तर कदाचित मी उठून गेले असते. हा आकडा ऐकून बसून राहिले.

त्यांनी फॉर्मच्या समासात 'स्वेच्छेने' लिहून सही केली. कॉम्प्युटरला अर्थातच सहीशी देणंघेणं नव्हतं. ताई, डॉक्टर आणि आतून बोलावलेला एक मुलगा असे तिघं पडद्यासमोर उभे. मुलाने माउसचं चाक जरा फिरवलं. यादी खाली सरकली. तळाशी 'इतर' होतं. कागदावर छापलेलं नव्हतं, पडद्यावर पहिल्या दिवसापासून असणार. कोणी काही बोललं नाही.

टोचण्याआधी खोका हातात घेऊन बघा. मुदत तर बघाच, पण मोसम कुठला लिहिलाय तेही बघा. हा विषाणू आपलं बाहेरचं रूप सतत थोडं थोडं बदलत असतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा घटक ठरवते, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिणेसाठी सप्टेंबरमध्ये. मागच्या मोसमाची उरलेली लस टोचून घेण्यात अर्थ नाही. लस २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवायची असते, तेव्हा खोका फ्रिजमधूनच बाहेर यायला हवा. माझा आला.

त्या रात्री दंड दुखला, अंग थोडं कसकसलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं गायब. हा लशीने झालेला फ्लू नव्हे. टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिने फ्लू होऊच शकत नाही. गिया-बारे नावाचा मज्जातंतूंचा आजार होऊ शकतो हे मी वाचलं होतं, तेही विचारलं. दहा लाख डोसांमागे फार तर एखाद-दुसरा रुग्ण, आणि हा आजार खुद्द फ्लू झाल्यानंतरही होतो.

हो, एक राहिलं. लस लागू पडायला साधारण दोन आठवडे लागतात. ऑफिसात लोक खोकायला लागल्यावर धावत जाऊ नका. आणि अंगात ताप असेल त्या दिवशी जाऊ नका, परत पाठवतील.

त्या मोसमात मला फ्लू झाला नाही. लशीमुळे की तसाही झाला नसता, देव जाणे; वरचे आकडे बघितले तर बहुधा तसाही झाला नसता. दोनदा सर्दी मात्र झाली, आणि दोन्ही वेळा बहिणीने "बघ, लस घेऊनही!" म्हणून घेतलं. सर्दीचे विषाणू वेगळे, हे तिला सांगून माझा घसा बसला, सर्दीने बसला नव्हता इतका.

यंदा परत गेले, अर्ध्या बाह्यांत, चार्जर घेऊन. फॉर्म तोच. रकाना तोच. मी पेन उचलायच्या आत ताई म्हणाल्या, "कोरं ठेवा, खाली 'इतर' असतं." जणू माझ्या जन्माआधीपासून असतं.