हजारामागचे तास

विडी कामगार बायकांवरचा माझा प्रबंध इंग्रजीत होता. तो घेऊन एका सरकारी कार्यालयात गेले. साहेबांनी अनुक्रमणिका चाळली आणि म्हणाले, "मॅडम, दोन पानांत द्या, मराठीत. पुढच्या महिन्यात बैठक आहे." वाईट वाटलं, पण त्यांचं म्हणणं रास्त होतं.

त्या दोन पानांनी तीन आठवडे घेतले. पहिल्याच ओळीत 'श्रमशक्ती सहभाग दर' (किती जण काम करतात किंवा शोधतात, त्याचं प्रमाण) आला आणि मी अडले. सोलापुरात विडी घरकुल या कामगार वसाहतीतल्या ओळखीच्या अक्कांना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "म्हंजे काय गं?" मी सोपं करून विचारलं, "तुम्ही काम करता का?"

"नाही, घरीच असते."

मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बोटांत दोरा, आणि उत्तर 'घरीच असते'! 2017 पासून देशभर होणाऱ्या श्रमशक्ती सर्वेक्षणात आठवड्यातून एक तास जरी काम केलं, तरी साप्ताहिक स्थितीनुसार, म्हणजे मागच्या सात दिवसांच्या हिशोबात, ती व्यक्ती रोजगारात धरतात. पण प्रश्न नीट विचारला नाही, तर अशी बाई त्या मोजणीतून निसटते. म्हणून टिपणाची पहिली ओळ बदलली: 'काम करता का' विचारू नका, 'काल किती विड्या वळल्या' विचारा.

मग मजुरीचा तक्ता. मी तासाचा दर काढला होता. अक्कांनी तो बाजूला सारला. "आमची मजुरी हजार विड्यांवर. आणि तास मोजायचे तर पान भिजवल्यापासून मोज."

इथे मला माझी चूक दिसली. मी फक्त वळण्याचा वेळ धरला होता. पान भिजवणं, कातरणं, कट्टे बांधणं, कारखान्यात माल द्यायला रांगेत उभं राहणं, हे सगळं माझ्या तक्त्याबाहेर. शिवाय छाट: नापास विड्यांचे पैसे नाहीत, पण पान गेलं, वेळ गेला. शाळेतून आलेली मुलगी विड्यांची तोंडं मुडपते, तिचाही वेळ त्याच हजारात जिरतो. 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानलं. मग हे तास हिशोबाबाहेर का राहावेत? मी वह्या काढून तक्ता नव्याने मांडला.

बैठकीत साहेब त्याच तक्त्यापाशी थांबले. "छाटीचा वेळ यात धरलाय?"

"धरलाय."

त्यांनी तिथे पेन्सिलीने खूण केली आणि एक प्रत ठेवून घेतली.

सोलापूरच्या पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलतात, म्हणून आता तीच दोन पानं तेलुगूत करतेय. पहिला परिच्छेद अक्कांच्या सुनेने तपासून दिलाय. 'रोजगार' खोडून तिने 'पनी', म्हणजे काम, लिहिलंय.