तुम्ही विचारलंत म्हणून : रडार नसताना विमान कुठंय ते कळतं कसं?

एटीसीतून, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणातून, निवृत्त झाल्यापासून एकही लग्न असं गेलं नाही की जेवताना शेजारच्या खुर्चीवरून हा प्रश्न आला नाही. "तुमच्या त्या छोट्या विमानतळावर रडार नव्हतं म्हणे. मग विमान कुठंय ते कळायचं कसं?" त्याला जोडून लगेच, "सरकार बसवत का नाही?" परवा तर भाच्याने आमदारांना द्यायचं निवेदनच पाठवलं. मागणी एका ओळीची : आमच्या विमानतळावर रडार बसवावे. "मामा, तांत्रिक भाग तेवढा बघून द्या." बघायला बसलो आणि हे लिहून झालं.

कळायचं कसं? विचारून. पायलट सांगायचा, आम्ही लिहायचो. प्रत्येक विमानाची कागदाची एक अरुंद पट्टी असते, आम्ही स्ट्रिप म्हणतो. तिच्यावर विमानाचं कॉलसाइन (रेडिओवरचं नाव), उंची, पोचायची वेळ. "पन्नास मैल, नऊ हजार फूट" असं कानावर आलं की जुनी उंची खोडायची, नवी लिहायची, पट्टीचा होल्डर बोर्डवर एक घर खाली सरकवायचा. समोरचा तो लाकडी बोर्ड म्हणजेच आमचं आकाश.

या पद्धतीची एक गोची आहे. सांगणारा चुकला की बोर्डही चुकतो. एकदा पावसाळ्यात संध्याकाळी एक एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं प्रवासी विमान, खाली येत होतं आणि फ्लाइंग स्कूलचा एक पोरगा सरावाचं विमान घेऊन परतत होता. तो म्हणाला, बारा मैल पूर्वेला आहे. आवाज थोडा चिरकलेला. मी विचारलं, विमानाचं तोंड कुठे आहे? म्हणाला, पूर्वेकडे. पूर्वेला असून घरी यायचं तर तोंड पश्चिमेला हवं! म्हणजे एकतर तो लांब चालला होता किंवा पश्चिमेला होता, आणि पश्चिमेकडूनच एटीआर येत होतं. एटीआरला तिथेच वर धरलं आणि पोरगा डोळ्यांना दिसेपर्यंत खाली सोडलं नाही. त्यात अकरा मिनिटं गेली. दुसऱ्या दिवशी गावात चर्चा, विमान उगाच घिरट्या घालत होतं. रडार असतं तर अकरा सेकंदांत निकाल लागला असता, हे मात्र खरं.

म्हणजे रडार नसलं की काम धोक्याचं होतंच असं नाही, हळू होतं. एकाच उंचीवर एकामागून एक येणाऱ्या दोन विमानांत रडारवर ५ नॉटिकल मैल पुरतात. रडार नसेल तर साधारण १० मिनिटांचं अंतर ठेवावं लागतं, आणि तेवढ्यात एटीआर चाळीसेक मैल कापतं. दिवसाला चार विमानं असतील तर कुणाला फरक पडत नाही. छोट्या विमानतळांसाठीच्या सरकारी 'उडान' योजनेनंतर कुठे कुठे चाराची दहा झाली, वर फ्लाइंग स्कूल, मग पडतो.

भाच्याच्या निवेदनात दुसरी ओळ होती : रडारअभावी धुक्यात विमाने रद्द होतात. ती मी खोडली. धुक्यात धावपट्टीवर आणून सोडतं ते आयएलएस, जमिनीवरून रेडिओने पायलटला उतरायची वाट दाखवणारं यंत्र. ते नसेल तिथे आता 'गगन' आहे, इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून केलेली उपग्रहाची सोय. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानात किशनगढला इंडिगोचं एटीआर तिच्या आधाराने उतरवून दाखवलं. रडार कंट्रोलरला विमान दाखवतं, पायलटला धावपट्टी दाखवत नाही.

"मुंबईचं रडार आहे की, त्याचं चित्र इकडे द्या," असंही कुणी म्हणतं. द्यावं, जरूर द्यावं. पण रडार सरळ रेषेत बघतं आणि पृथ्वी गोल आहे. १५० नॉटिकल मैलांवर त्याला साधारण १५ हजार फुटांच्या वरचंच दिसणार, मध्ये डोंगर असेल तर तेही नाही. आमची खरी गर्दी असते दहा हजारांच्या खाली.

आणि एक गोष्ट पंगतीत सांगता येत नाही, म्हणून इथे. रडार नसण्यापेक्षा, सवयीचं झालेलं रडार बंद पडणं जास्त अवघड. मंगळूरला २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, १६६ पैकी १५८ माणसं गेली. तिथलं रडार २० मेपासून बंद होतं. को-पायलटने १३० मैलांवर खाली यायची परवानगी मागितली. इतर विमानांपासूनचं अंतर रडारविना सांभाळायचं म्हणून ती मिळाली ऐंशीएक मैलांवर. विमान उंच राहिलं. चौकशीत मुख्य दोष कॅप्टनचा ठरला : को-पायलट पुन्हा वर घ्या म्हणत असताना त्याने उतरणं सोडलं नाही. ते बरोबरच आहे. पण उशिरा मिळालेली उतरण त्याच अहवालात पूरक कारण म्हणून लिहिली आहे, आणि स्ट्रिपवर काम केलेला माणूस ते वाक्य दोनदा वाचतो.

मग मागायचं काय? फिरणारं रडार महाग, त्याला माणसं लागतात, सुटे भाग लागतात. त्यापेक्षा एडीएस-बी. विमानच जीपीएसवरून आपली जागा सतत सांगत असतं, जमिनीवर एक अँटेना आणि एक पेटी बसवली की झालं. जीपीएसच बिघडलं तर चित्रही बिघडतं, म्हणून स्ट्रिप सोडायची नाही. आणि फ्लाइंग स्कूलच्या जुन्या विमानांत ती सोय नसेल तर पेटी बसवूनही माझा तो पोरगा पडद्यावर दिसणार नाही. त्यांनाही विमानात ती सोय बसवायला लावा, असं मी मसुद्यात घातलं.

शेवटी एक ओळ मी माझ्याकडून जोडली. भाचा म्हणाला, मामा, हे तांत्रिक नाही, आमदार हसतील. म्हटलं, हसू दे, राहू दे. ओळ अशी : टॉवरमध्ये प्रत्येक पाळीला दुसरा कंट्रोलर द्यावा. त्या संध्याकाळी मी एकटा होतो.