तालमीत तीनदा: टँक, हीलर, डीपीएस शिकतानाचा माझा अनुभव

फायनल फँटसी १४ या ऑनलाइन गेममध्ये १५ व्या लेव्हलला सास्ताशा हे पहिलं डन्जन (टोळीनं मिळून पार करायची शत्रूंची जागा) उघडतं. टोळी चौघांची: एक टँक (मार अंगावर घेणारा), एक हीलर (बरं करणारा), दोन डीपीएस (शत्रूला मारणारे). त्याआधी कामं शिकवायला गेममध्येच एक तालीम आहे, 'हॉल ऑफ द नॉव्हिस'. २०१६ मध्ये आली. सक्तीची नाही, म्हणून टाळावीशी वाटते. मी ती तिन्ही भूमिकांतून केली; लातूरहून, घरच्या ब्रॉडबँडवर, फुकटच्या ट्रायल खात्यावर. ट्रायल २०२३ पासून ७० व्या लेव्हलपर्यंत चालते, तेव्हा नुसतं शिकायला एक रुपयाही लागत नाही.

तिन्ही करायच्या तर तिन्ही क्लास (पात्राचे पेशे) १५ पर्यंत न्यावे लागतात, आणि दुसरा क्लास घ्यायला पहिल्याचं १० व्या लेव्हलचं क्लास क्वेस्ट (त्या पेशाची कामगिरी) पूर्ण हवं. ॲडव्हेंचरर्स गिल्डमध्ये स्मिथ नावाचं पात्र उभं असतं, त्याच्याशी बोललं की दार उघडतं. आतले धडे तुकड्यातुकड्यांचे आहेत. शेवटी एक अंगठी मिळते. ३० व्या लेव्हलपर्यंत ती अनुभवाचे गुण ३० टक्क्यांनी वाढवते.

माझं मत: डीपीएसच खेळायचं असेल तरी टँकपासून सुरुवात करा. बाकी दोघांच्या चुका तिथूनच दिसतात.

ग्लॅडिएटर हा टँकचा क्लास घेतला तर १० व्या लेव्हलला 'आयर्न विल' हे कौशल्य मिळतं. ते चालू केल्याशिवाय शत्रूचा राग तुमच्यावर टिकत नाही. डन्जनमध्ये पाय ठेवल्याबरोबर ते चालू आहे का, हे आधी बघायचं. मग 'शील्ड लॉब' फेकून पहिला शत्रू ओढायचा, घोळका जवळ आला की 'टोटल एक्लिप्स' दोनदा. हा वार तुमच्या भोवतीच्या पाच यार्डांतच लागतो, म्हणून घोळका पांगलेला असताना मारला तर वाया जातो. डावीकडच्या शत्रूंच्या यादीत प्रत्येक नावापुढं खूण असते: लाल चौकोन म्हणजे तो तुमच्यावर आहे, पिवळी किंवा केशरी खूण म्हणजे तो दुसऱ्यावर आहे पण तुमच्यावरही बराच राग आहे, हिरवा गोल म्हणजे दुसऱ्याच्या मागं लागलाय आणि तुमच्यावर राग फारसा नाही. तालमीतला गुरू सांगतो वार कुठला मारायचा. ही यादी वाचायची सवय मात्र आपली आपण लावायची. नव्या टँकचे डोळे शत्रूवर असतात, यादीवर नसतात. निसटलेल्या एकट्याला परत आपल्याकडं ओढायला 'प्रोव्होक' आहे, पण ते ३० सेकंदांतून एकदाच. आणि 'रॅम्पार्ट' जपून ठेवू नका. २० टक्के मार २० सेकंद कमी करतं, दीड मिनिटात परत तयार. मोठा घोळका अंगावर आला की लगेच वापरायचं, रक्त आटल्यावर नाही.

हीलरच्या धड्यात मला एक गोष्ट उशिरा कळली. बरं करण्यानंही शत्रूचा राग वाढतो. म्हणून मागून नवे शत्रू आले, टँकनं त्यांना अजून हात लावलेला नाही, तर ते थेट हीलरकडं वळतात. अशा वेळी लांब पळायचं नाही, टँकच्या अंगाशी जायचं. कुत्रं मागं लागलं तर माणूस घराकडं पळतो, रानाकडं नाही, तेच. टँकचा पाच यार्डांचा वार तेव्हाच त्या शत्रूंना लागतो. दुसरी चूक म्हणजे थोडं रक्त कमी झालं की लगेच 'क्युअर' हा बरं करायचा मंत्र. मोकळ्या वेळात शत्रूला 'स्टोन' मारा, एमपी (मंत्रांना लागणारी शक्ती) घसरला की तो भरून काढायला १४ व्या लेव्हलचं 'ल्युसिड ड्रीमिंग'.

डीपीएसचे धडे सोपे वाटतात, म्हणून घाईत उरकले जातात. गाभा एकच: टँक ज्याला मारतोय त्यालाच मारा, हात न लावलेल्याला छेडू नका. शत्रूचं लक्ष्य कोण आहे हे त्याच्या रक्ताच्या पट्टीशेजारी दिसतं. लॅन्सर या भालेवाल्या डीपीएसकडं या लेव्हलला घोळक्यावरचा वार नसतोच, त्यानं एकेकाला संपवायचं.

जमिनीवरच्या केशरी पट्ट्यातून (इथं मार पडणार याची खूण) निघायचा धडा तिघांनाही असतो, आणि इथं आपल्याकडची अडचण येते. सर्व्हर जपान, अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया इथं, भारतात नाही. मार लागला की नाही हे ठरतं पट्टा नाहीसा होतो त्या क्षणी सर्व्हरवर तुम्ही कुठं होतात त्यावरून. नंतर दिसणारा स्फोट ही नुसती शोभा. पट्टा उमटला की लगेच निघा. शेवटच्या क्षणी उडी मारली तर पडद्यावर बाहेर दिसूनही मार बसतो. वीज जाते त्या भागात राउटर इन्व्हर्टरवर ठेवा. तरी तुटलंच तर पुन्हा लॉगिन करून त्याच डन्जनमध्ये परत येता येतं.

तालीम झाल्यावर पहिली फेरी 'ड्युटी सपोर्ट'मध्ये, म्हणजे गेमच्याच पात्रांसोबत करा. सोबती चिडत नाहीत. सास्ताशात रक्तानं माखलेल्या चिठ्ठीवर एक रंग लिहिलेला असतो, त्याच रंगाचं पोवळं दाबायचं. डेन या शेवटच्या मोठ्या शत्रूच्या लढाईत जाळ्यांजवळ पाण्यात बुडबुडे उठतात, ते जाऊन दाबले नाहीत तर नवे शत्रू वर येतात. तालमीतला 'आजूबाजूच्या वस्तूंना हात लावा' हा धडा यासाठीच होता. तो करताना मला फालतू वाटला होता.

माणसांसोबत खेळायचं तर वेळ बघा. आपल्याकडं रात्रीचे आठ म्हणजे जपानात साडेअकरा. तिकडच्या सर्व्हरवर असाल तर संध्याकाळी साडेपाच-सहालाच बसलेलं बरं.