ह नंतर ळ: आईच्या प्रबंधाची गावसूची अखेर लागली

काल रात्री अकराच्या सुमारास सूचीचं पान उघडलं आणि 'मसुरे' हे गाव 'मळगाव'च्या आधी छापलेलं दिसलं. ज्यांनी मराठी शब्दसूची यंत्राकडून लावून घेतली आहे, त्यांना माझा आनंद लगेच कळेल.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: सिंधुदुर्गातल्या गावांच्या नावांवर आईने केलेला पीएचडीचा प्रबंध मी लाटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून पानं मांडायच्या संगणक-प्रणालीत, नव्याने जुळवतेय. 1996 साली तो युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) रुळण्याआधीच्या कुठल्याशा फॉन्टमध्ये टाइप करून घेतला होता. फ्लॉपी कधीच गेली, उरली ती कापडी बांधणीची एक प्रत, 312 पानांची. रोज दोन-तीन पानं टाइप करत सातव्या प्रकरणापर्यंत आलेय. प्रत्येक प्रकरणाची वेगळी साधी फाइल, सगळ्यांना एकत्र आणणारी एक मुख्य फाइल, आणि बदलांची नोंद गिट या फाइलींतले बदल जपणाऱ्या साधनात.

आता सूची. आईने तेव्हा एका गावाला एक कार्ड केलं होतं. ती कार्डं बुटांच्या दोन खोक्यांत अजून आहेत. ती वर्णानुक्रमाने लावायला तिला दोन आठवडे लागले होते. मी टाइप करतानाच गावाच्या नावापाशी सूचीची आज्ञा लिहीत गेले आणि शेवटी मेकइंडेक्स हा लाटेकसाठी सूची लावणारा प्रोग्राम चालवला. निघालं काय? मळगाव, मळेवाड, मग मसुरे. म्हणजे ळ आधी, स नंतर.

कारण साधं आहे. युनिकोडच्या तक्त्यात ळ ला ल च्या लगेच पुढची जागा दिली आहे, व च्या आधी. मेकइंडेक्स त्या क्रमांकांवरच चालतो. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर. तळकोकणात तर ळ जागोजागी: तळेरे, तळवडे, तुळस, कुडाळ. आतल्या ळ मुळे कित्येक नावांची जागा चुकत होती.

उपाय सापडला तो अपमेंडेक्स या सूची लावणाऱ्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये. हे साधन क्रम लावताना आयसीयू लायब्ररीची (अनेक भाषांचे नियम असलेल्या तयार कोडची) मदत घेतं आणि तिला भाषेनुसार वर्णक्रम ठाऊक असतो. शैलीच्या फाइलीत आयसीयू लोकेल (भाषेची निवड) म्हणून मराठीचा 'एमआर' हा संकेत दिला. एवढी एकच ओळ. 'क्ष' आणि 'ज्ञ'च्या नोंदी मात्र अजून हाताने पडताळतेय.

या महिन्यातलं दुसरं मोठं काम अर्ध्या र चं. चौथ्या प्रकरणात एक वाक्य वाचताना थबकले: 'सह्याद्रीच्या दर्या उतरून.' दर्या म्हणजे समुद्र, इथे हव्या होत्या दऱ्या. दोन्ही शब्द आपापल्या जागी बरोबरच, त्यामुळे शब्दतपासनीस गप्प बसला. चूक माझ्या बोटांची. ऱ हे युनिकोडमध्ये वेगळं अक्षर आहे, त्याला हलन्त आणि पुढे य जोडला की 'ऱ्य' होतं. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ऱ हा र च्याच कळीवर आहे, शिफ्टसह. घाईत शिफ्ट निसटला की रफार चढतो.

साध्या मजकुराचं सुख इथे पुरेपूर मिळालं. सगळ्या फाइलींत 'र्य' आणि 'र्ह' एका आज्ञेत शोधले, 143 ओळी समोर आल्या. सूर्य, पर्यंत, आश्चर्य बरोबर. किनार्यावर, कोपर्यात, वार्याने चूक. सरसकट बदलून चालणारच नव्हतं, एकेक ओळ वाचली. 38 दुरुस्त्या निघाल्या आणि गिटमध्ये त्या तेवढ्याच दिसतात, आजूबाजूचं काही हललेलं नाही.

जुळणी ल्युआलाटेक या लाटेकच्याच एका प्रकारात चालू आहे, जोडाक्षरं-मात्रा जागेवर बसवायला हार्फबझ हे साधन. मुख्य मजकुराला आयआयटी मुंबईची शोभिका ही फॉन्ट-मालिका वापरतेय. लहान टायपातल्या तळटीपांतही तिची जोडाक्षरं स्वच्छ वाचता येतात. नव्यांना एकच सांगणं: फॉन्टच्या ओळीत लिपी देवनागरी आणि भाषा मराठी, दोन्ही लिहा. लिपी राहिली तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते. भाषा राहिली तर काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मराठी प्रबंधात पाकळीचा ल आणि देठाचा श हवाच, यात मला तडजोड नको.

ओळ तुटण्याचं अजून पुरतं जमलेलं नाही. मराठीसाठी शब्दविच्छेदाचे (ओळीअखेर शब्द तोडण्याचे) नमुने टेक् लाइव्ह या लाटेकच्या संचात आहेत आणि परिच्छेदांत ते छान चालतात. पण तक्त्यातल्या अरुंद रकान्यात 'सावंतवाडी'चे तुकडे पडले. जिथे नावाची फोड हाच विषय, तिथे यंत्राने केलेली फोड वाचणाऱ्याला चकवेल. म्हणून तक्त्यांपुरता विच्छेद बंद केला आणि रकाने रुंद केले. दोन तक्ते त्यामुळे आडव्या पानावर न्यावे लागले.

आज सकाळी सूची छापून आईला दिली. तिने खोकी काढली, चष्मा लावला आणि कार्डं एकेक करत कागदाशी ताडून पाहिली. म पर्यंत आल्यावर बोट ठेवून म्हणाली, "हं, मसुरं आधी. बरोबर लावलंस गो." दुपारपर्यंत तीन ठिकाणी फरक निघाला. तिन्ही गावांच्या कार्डांवर तिने नंतर पेन्सिलीने नाव बदलून लिहिलं होतं, आणि ते बदल बांधलेल्या प्रतीत कधी आलेच नव्हते. उद्या ते घालायचे, मग आठवं प्रकरण.