नातेपुत्याच्या मुक्कामातली एक संध्याकाळ

ज्ञानोबा माऊलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामी आली की आमच्या वैद्यकीय शिबिरापुढे रांग लागते. बरीच मंडळी साठी ओलांडलेली. गुडघे, पोटऱ्या, कंबर, आणि मागणी एकच: "माऊली, दुखायची गोळी द्या."

त्या संध्याकाळी बीडकडच्या दिंडीतल्या एक आजी आल्या. सत्तरीच्या पुढच्या. खुर्ची दिली तरी बसेनात. बसलं की उठवत नाही म्हणाल्या. जीभ कोरडी ठणठणीत, रक्तदाब ९०/६०.

"आज कुठली गोळी घेतलीय का, आजी?"

पिशवीतून त्यांनी कागदाची पुडी काढली. आत कात्रीने कापलेले पट्ट्यांचे तुकडे. काहींवर नावाची दोन-तीन अक्षरं, एकावर नुसती मुदतीची तारीख. टेबलावर जुळवत बसले तेव्हा उलगडलं: डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन. तिन्ही एकाच जातीची वेदनाशामकं. दोन वाटेतल्या वेगवेगळ्या शिबिरांत मिळालेली. शिवाय गावाकडून आणलेली रक्तदाबाची गोळी, टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकत्र असलेली. ती मात्र रोज न चुकता.

"लघवी कधी झाली?"

"सकाळी उलीशी झाली. पाणीच पीत नाही मी. पेलं की आडोसा कुठं हुडकायचा, बाई?"

हे ऐकून पोटात धस्स झालं. शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड आत येणारी रक्तवाहिनी सैल ठेवून गाळणी चालू ठेवतं. वेदनाशामक गोळी नेमकी तीच वाहिनी आवळते, टेल्मिसार्टन बाहेर जाणारी सैल सोडतं, आणि लघवीची गोळी उरलंसुरलं पाणी काढून नेते. गाळणीतला दाबच घसरतो. तरुण माणूस यातून कदाचित निभावून जाईल, सत्तरीतलं मूत्रपिंड हमखास निभावेल असं नाही.

सलाईन लावलं, गोळ्या बंद केल्या, १०८ बोलावली. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या, पुण्याहून आलेल्या निवृत्त शिक्षिका रडवेल्या होऊन म्हणाल्या, "तिसरी गोळी मी दिली हो. मला तर रोज चालते." त्यांची पर्सही पाहिली. गुडघ्यासाठी एका डॉक्टरांची, पाठीसाठी दुसऱ्यांची. नावं वेगळी, आतलं औषध तेच, एसिक्लोफिनॅक. तेही वर्षभर. शौचाला काळं होतं का विचारलं, तर म्हणाल्या, "अधूनमधून होतं, मला वाटलं लोहाच्या गोळीमुळे." लोहाच्या गोळीनेही होतं हे खरं, पण अशा वेदनाशामकांनी पोटात रक्तस्राव झाला तरीही होतं. त्यांनाही तपासणीची चिठ्ठी दिली.

आजींचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड किती काम करतंय ते सांगणारा रक्तातला आकडा, ३.४ आलं. सव्वाच्या आत असायला हवं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लघवी सुटली, मग आकडा उतरत गेला. डायलिसिस टळलं.

मला राग येतो तो कात्रीचा. फुकट गोळी देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण नाव कापून टाकलेली गोळी पुढच्या डॉक्टरला आंधळं करते. आम्ही त्याच रात्रीपासून प्रत्येकाला चिठ्ठी द्यायला लागलो: औषधाचं नाव, वेळ, रक्तदाबाची गोळी चालू आहे की नाही. आधी पाणी, तेलाने मालीश, गरज पडलीच तर पॅरासिटामॉल, तेही सहा तासांच्या अंतराने. गोळी मिळाली नाही म्हणून काही वारकरी नाराज होऊन गेले. काही जण मात्र पुडी उघडून विचारायला थांबले, "यातली कुठली टाकून देऊ?"